दुपटं नंबर 4 : गुलाबी झालं, मग (जवळजवळ) पांढरं झालं

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, दुपटं पहिल्यांदा धुतलं आणि ते गुलाबी झालं. अख्खं नाही. अख्खं झालं असतं तर 'तसंच करायचं होतं' म्हणून मोकळा झालो असतो. नऊ लाल ठिगळांच्या चारी बाजूंनी पांढऱ्या पॉपलिनवर रंग उतरला होता, सरकारी कचेरीच्या जिन्यातले कोपरे रंगलेले असतात तसा. बादलीत बुडवलं, साबण घातला, तेवढ्यात फोन आला. पंचवीस मिनिटांनी येऊन पाहतो तर बादलीत कोकम सरबत.

सात आठवड्यांचं काम. सहा इंची ठिगळं, आडवी सहा, उभी आठ. आत आईच्या दोन जुन्या सुती साड्या, खाली मांजरपाट. भाचीच्या मुलाचं बारसं येत्या रविवारी.

कापड आधी धुतलं नव्हतं का, असं कृपया कुणी विचारू नका. मागच्या नोंदीत मीच छातीठोकपणे लिहिलं होतं की लाल कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग पक्का होतो. ठेवलं होतं. सकाळी पाणी जवळजवळ नितळ होतं, त्याचा फोटोही टाकला होता. तो सल्ला आज जाहीरपणे मागे घेतोय. का, ते पुढे येईल. आधी मिसळ.

शनिवारचा बेत असा होता: माझा डोंबिवलीकर मित्र ठाण्याला येणार, मी त्याला खायला घालणार, त्या बदल्यात त्याने माझ्याबरोबर कापडाच्या दुकानांतून हिंडायचं. (हा तोच, माझा धावदोरा पाहून 'रेल्वेचे रूळ, पण पावसाळ्यातले' म्हणाला होता.) मी ठरवलं होतं की नऊच्या नऊ लाल ठिगळं उसवायची, पक्क्या रंगाचं लाल आणायचं आणि आठवड्यात परत टाके घालायचे. यात काय भानगड आहे ते तुम्हाला सांगायला नको. माझा धावदोरा कडेपासून कडेपर्यंत एकसलग जातो. एका ठिगळावर साधारण पंधरा ओळी. एक ठिगळ काढलं की पंधरा ओळी मध्येच तुटणार, दोन्हीकडची टोकं गाठ मारून आत दडवायची, शेजारची ठिगळं सैल पडणार. असं नऊ वेळा. शुक्रवारी रात्री एक कोपरा उसवायला घेतला, चार टाक्यांत कात्रीचं टोक साडीत गेलं, आणि मी झोपायला गेलो.

तर मामलेदार मिसळ. शनिवारी सकाळी, पाऊस, बाहेर छत्र्यांची गर्दी. त्याने तिखट घेतली, मी मध्यम. पंधरा वर्षं हेच चाललंय आणि पंधरा वर्षं तो माझ्या मध्यमकडे कीव आल्यासारखा बघतो. पहिल्याच घासाला पाव रश्श्यात बुडवताना त्याच्या पांढऱ्या शर्टावर तर्रीचा शिंतोडा उडाला. मी लगेच पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाण्याने काय होणार? मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही," तो म्हणाला. "आधी साबण, मग ऊन. ऊन लागलं की हा रंग विटतो. हळदीचंही तसंच. लोणचं सांडलं की आमची आजी चादर उगाच नाही उन्हात टाकायची."

आता इथे एक कबुली. हा माणूस गेली कित्येक वर्षं डोंबिवली एमआयडीसीत कापडाच्या रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. मला ते माहीत होतं, पण 'केमिकलमध्ये आहे' एवढंच. आम्ही भेटलो की खाण्यावरच बोलतो. 2020 साली डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता केमिकलमुळे गुलाबी झाला तेव्हा मी त्याला महिनाभर पिडलं होतं. पण माझ्या गोधड्यांचा आणि त्याच्या नोकरीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. त्याच्याही नाही, कारण त्याला गोधडी म्हणजे पांघरायची वस्तू वाटते.

मिसळीनंतर जांभळी नाक्याच्या बाजारात. पहिल्याच दुकानात नेहमीचा प्रश्न: "वहिनींनी नमुना दिलाय का?" दोन पुरुष लाल कापड चिमटीत धरून उभे आहेत म्हणजे घरून पाठवलेलेच असणार. पूर्वी मी समजावत बसायचो. आता सरळ म्हणतो, "हो, दिलाय," आणि खिशातून माझंच चौकोनी ठिगळ काढतो. सौदा लवकर होतो.

मी नेहमीप्रमाणे पोत बघत होतो, वीण उजेडाला धरून बघत होतो. डोंबिवलीकराने खिशातून पांढरा रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीने एक कोपरा ओला केला, बोटाला गुंडाळला आणि दुकानदाराच्या तोंडासमोर ताग्याच्या कडेवर दाबून घासायला लागला. मोजून दहा वेळा. मग रुमाल उलटून दाखवला: गुलाबी ठसा. कोरड्या कोपऱ्याने परत दहा वेळा: काही नाही.

"कोरडा चालतो, ओला नापास," तो म्हणाला. "आमच्याकडे याला एक ते पाच मार्क देतात, पाच म्हणजे उत्तम. याला दोन."

दुकानदार गार. "साहेब, रुमाल धुवायला साबण देऊ का?"

तिथून पुढे खरेदीची सूत्रं त्याच्याकडे. तीन दुकानं, सात लाल. पाच ओल्या रुमालाला नापास, एक काठावर, एक पास. त्यातही गंमत म्हणजे मला सगळ्यात आवडलेलं, विटकरीकडे झुकणारं, अंगाला मऊ लागणारं कापड सगळ्यात वाईट निघालं. पास झालेलं जरा भडक आहे, लग्नाच्या पत्रिकेचा लाल. दीड मीटर घेतलं. तिसऱ्या दुकानातले काका, अनुभवी माणूस, कापड घडी करता करता म्हणाले, "एवढं काय बघता, रात्रभर मिठात ठेवा."

डोंबिवलीकर हसला. म्हणजे चांगला मोठ्याने हसला. आणि मला म्हणाला, "तू नाही ना ठेवलंस?"

मी विषय बदलला. म्हटलं, वडापाव खायला कुंजविहारला चल.

जंबो वडापाव हातात घेऊन छत्रीखाली चालता येत नाही, हे या वयात पुन्हा एकदा शिकलो. मध्ये शिवणसाहित्याच्या दुकानात थांबून सुया घेतल्या. बुटक्या. लांब सुईवर एका वेळी पाच-सहा टाके गोळा होतात हे खरं, पण साड्यांचे दोन थर आणि मांजरपाट असलं की ती वाकते, आणि वाकलेल्या सुईने टाका तिरपाच पडतो. बुटक्या सुईला बोट दुखतं, अंगुस्तान लागतंच. दोरा परल कॉटन (पिळाचा, जाडसर भरतकामाचा दोरा) 8 नंबर, त्यावर माझं मत बदललेलं नाही. साधा रीळदोरा स्वस्त पडतो पण दुपट्याला रोज धुण्याचा मार बसतो. पांढऱ्या दोन गुंड्या घेतल्या, उसवण्याच्या तयारीने.

मग तलावपाळी. पाऊस थांबला होता, गडकरी रंगायतनच्या बाजूला कट्टा अर्धा ओला, अर्धा सुका. भेळ. आणि तिथे मी मिठाचं कबूल केलं. नितळ पाण्याचा फोटोही दाखवला.

त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो, कारण सगळ्या लेखाचा जीव यातच आहे. आपण घेतो ती बरीचशी गडद सुती कापडं ज्या जातीच्या रंगाने रंगवतात, तो सुताशी कायमचा जोडला जातो. रंगवताना पाण्यात भरपूर मीठ घालतात, ते रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलतं. मग सोडा घालतात, तेव्हा रंग सुताला खरा चिकटतो. पण सगळा चिकटत नाही. काही रंग सुताऐवजी पाण्याशीच संसार थाटतो आणि निकामी होतो. हा निकामी रंग कापडात नुसता बसलेला असतो, घट्ट मांडी घालून. तो काढायचा तर कारखान्यात उकळत्या साबणाच्या पाण्यातून कापड पुन्हापुन्हा काढावं लागतं. गरम पाण्याला खर्च, सांडपाण्याला खर्च. जिथे काटकसर होते तिथे तो रंग तुमच्या घरी येतो.

"आता तू काय केलंस," तो भेळेचा कागद चाटत म्हणाला. "मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, बरोबर? तू त्या निकामी रंगाला रात्रभर कापडातच दाबून ठेवलंस. तो बाहेर आला नाही म्हणून पाणी स्वच्छ. तुला वाटलं रंग पक्का झाला. मग साध्या पाण्यात टाकलंस, मीठ नाही, सुटला."

म्हणजे माझा तो नितळ पाण्याचा फोटो हाच गुन्ह्याचा पुरावा होता.

व्हिनेगर? ते लोकर-रेशमाच्या रंगांचं प्रकरण, सुताला उपयोग नाही. तुरटी? ती मंजिष्ठासारख्या झाडपाल्याच्या रंगाआधी कापडाला लावायची असते, तयार कापडाला मागून लावून काही होत नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांचे घरगुती उपाय त्याने भेळेच्या एका पुड्यात संपवले. माझ्या निळीने (इंडिगोने) रंगवलेल्या ठिगळांबद्दल विचारलं, तर म्हणाला, तिची भीती नको. खरी नीळ साध्या पाण्यात विरघळतच नाही. घासून हाताला लागेल, पण अशी पसरणार नाही.

आणि मग, पुडा चुरगाळता चुरगाळता, सहज: "उसवतोयस कशाला पण? पांढऱ्यावर गेलेला रंगही तोच निकामी आहे ना. जो लालला चिकटला नाही तो पांढऱ्याला काय चिकटणार? धुऊन काढ."

मी कट्ट्यावरून उठलोच. उसवण्याचा बेत तलावपाळीवर रद्द. दीड मीटर लाल आणि दोन गुंड्या पिशवीत तशाच. राम मारुती रोडला जाऊन त्याच्या मुलीसाठी कुर्ता घ्यायचा होता, तो त्याने एकट्याने घेतला, मी घरी पळालो. (शिव्या फोनवर खाल्ल्या.)

घरी 80 लिटरचं प्लास्टिकचं पिंप आहे, पाणी जातं तेव्हासाठी भरून ठेवायला. त्यात गिझरचं पूर्ण तापलेलं पाणी, दोन बादल्या, मग आणखी दोन, मग गिझर तापेपर्यंत थांबा, मग आणखी. भांड्यांचा लिक्विड साबण अर्धी वाटी. त्याच्या सूचना होत्या: पाणी भरपूर हवं, म्हणजे सुटलेला रंग पातळ होऊन परत कापडावर बसत नाही. दुपटं पूर्ण बुडालेलं हवं, वर राहिलेला कोपरा दिव्याच्या वातीसारखा रंग ओढून घेतो आणि तिथे रेघ उमटते. आणि पांढरं कापड परत पांढरं होईपर्यंत वाळवायचं नाही, इस्त्री तर अजिबात नाही. सहाव्या-सातव्या पाण्यालाही लाल येतच राहिलं तर समजायचं की रंग दुसऱ्याच जातीचा आहे, मग उसव.

ओलं दुपटं तरंगतं, हे माहीत होतं का? साड्यांच्या थरांत हवा अडकते. वर पोळपाट ठेवला, त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं.

पहिलं पाणी रात्री नऊला. बारा वाजता बघितलं तर गडद कोकम. छातीत धस्स झालं, पण ते चांगलंच होतं म्हणे. दुसरं पाणी रात्रभर: गुलाबी. रविवारी सकाळी तिसरं: गुलकंदाचं दूध. चौथ्याला काचेच्या ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरलं, जेमतेम छटा. पाचवं नितळ, आणि या वेळी मीठ नव्हतं. सहावं नुसत्या समाधानासाठी.

ते पाचव्या पाण्याचं नितळपण मी पाच मिनिटं बघत बसलो होतो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही झालं नाही, तेच बघतोय.

वाळवण्याचं वेगळंच. हवा दमट, ओलं दुपटं दोरीवर टाकलं तर पाणी खालच्या काठाला उतरून तिथे दिवसभर राहणार. दोन जुन्या चादरींत गुंडाळून त्यावर उभा राहिलो, पाणी काढलं, मग दिवाणावर सपाट पसरून पंखा. संध्याकाळपर्यंत वाळलं. गरम पाण्याने थोडं आटलंय, आडव्यात जवळपास पाऊण इंच, आणि टाक्यांमध्ये ज्या सुरकुत्या आल्यात त्यामुळे उलट जुन्या वाकळीसारखं दिसतंय. हे मला जमवायचंच होतं आणि आतापर्यंत कधी जमलं नव्हतं.

पांढरं? नऊपैकी सात लाल ठिगळांभोवती पूर्ण पांढरं. दोघांच्या कडेला अजून हलकी छटा आहे, उजेडात तिरपं धरलं तर दिसते. सातवं पाणी द्यावं की त्या दोन ठिकाणी पांढऱ्यावरच बारीक फुलं काढावीत, हा विचार चालू होता. हे लिहिता लिहिता वाटतंय, सातवं पाणीच. बारशाला सहा दिवस आहेत, फुलं मला नीट येत नाहीत, आणि पिंप अजून बाथरूममध्येच आहे.

आणलेल्या भडक लालचंही ठरलं. डोंबिवलीकराला फी म्हणून गोधडी हवीय, पांघरायची, पूर्ण मापाची, आणि त्यात लाल हवाच म्हणतो. त्या दीड मीटरला आधी दोनदा गरम पाण्यातून काढणार, मगच कात्री लावणार. आज फोनवर विचारलं, शर्टावरचा डाग गेला का? साबण लावून झालाय म्हणे, दोन दिवस शर्ट गॅलरीत उन्हाची वाट बघत लटकलाय.