आमची वाटचाल : कुडाळच्या बाजारातलं लिनक्सचं दुकान

आम्ही कुडाळात दुकान उघडलं तेव्हा संगणकवाला म्हणजे तीनशे रुपयांत विंडोज मारून देणारा, एवढीच लोकांची कल्पना होती. आम्ही ते काम पहिल्या दिवसापासून केलं नाही. परवडत असेल तर परवान्याची विंडोज घ्या, नसेल तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, बसवून देतो, हा नियम. गिऱ्हाईक त्यामुळे कमी आलं आणि नाव पडलं ‘फुकटवाले’. ते नाव अजून बोचतं. सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही घेत नाही हे खरं, पण बसवण्याचे, सांभाळण्याचे आणि रात्री अकराला फोन उचलण्याचे घेतो, आणि ते मागताना मान खाली घालत नाही.

सुरुवातीला उबंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या सीड्या पोस्टाने घरपोच यायच्या, एक पैसा न देता. 2011 मध्ये ती योजना बंद झाली. त्यातल्या काही मी जपून ठेवल्या आहेत. आता बॅगेत व्हेंटॉय केलेला पेनड्राइव्ह असतो: डेबियन आणि मिंट हे लिनक्सचे प्रकार, डिस्कची नक्कल करणारं क्लोनझिला, रॅम तपासणारं मेमटेस्ट, सगळ्यांच्या आयएसओ फाइली एकाच ठिकाणी, बूट करताना हवी ती निवडायची. सोबत क्रिम्पिंग टूल, लॅन टेस्टर, ब्लोअर, थर्मल पेस्ट आणि शाळेतल्या पोरांचं साधं खोडरबर. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. मालवण-देवगडकडून ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीन मी खोडरबराने रॅम घासून उठवल्या आहेत. नवीन पोरगा कामाला आला की त्याला आधी हेच शिकवतो, कमांड नंतर.

पहिलं मोठं काम दिलं ते वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखानदारांनी. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बी फोडणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर, रोजचं वजन वहीत, आणि शनिवारी हिशोबाला अर्धा दिवस. जुन्या मशीनवर मिंट टाकून लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पत्रक बांधून दिलं. मुंबईहून आलेल्या त्यांच्या पुतण्याने नाक मुरडलं तेव्हा तात्या माझ्यासमोर त्याला म्हणाले, “माका ह्यातला काय कळणा नाय. पण माजो हिशोब जुळता मा? मगे ऱ्हवांदे तसाच.” त्या एका वाक्यावर आम्हाला आजूबाजूची आणखी कामं मिळाली. पुढची वर्षं शाळा, पतसंस्था, दवाखाने अशी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मग मार्च 2024 आला. पतसंस्थेचं काम करणाऱ्याला वर्षअखेर काय असते ते सांगायला नको. आमच्याकडे तेव्हा दोन पतसंस्था होत्या, दोन्हीकडे सर्व्हरवर डेबियन 12 आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, जगभर बातमी फुटली की एक्सझेड नावाच्या फाइल दाबण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला आहे. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानाने काम करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला आणि चाचणीच्या फाइलींत तो कोड लपवला. एसएसएचमधून, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीतून, थेट सर्व्हरमध्ये शिरता येईल अशी ती योजना होती. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, पण हे पोस्टग्रेसच्या विकासकांपैकी एक, म्हणजे आमच्या पतसंस्थांचा डेटा ज्यावर उभा आहे त्याच डेटाबेसचे. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून ते कोडच्या तळापर्यंत गेले.

दुसऱ्याच दिवशी आमच्या एका स्पर्धकाने सगळ्या संचालकांना व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवला: लिनक्समध्ये चोरी, फुकटचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे ठेवीदार धोक्यात. त्याचं नाव मी लिहीत नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे. त्याला एक्सझेड म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पण क्लोजिंग तोंडावर, ठेवीदारांचे फोन सुरू, आणि दोन्हीकडे करार मोडण्याची भाषा. ही दोन कामं गेली असती तर दुकानाचं भाडं आणि दोन पोरांचे पगार निघाले नसते.

मी पहिल्या संस्थेत गेलो, चेअरमनसाहेबांना सर्व्हरसमोर बसवलं आणि त्यांच्याच हाताने एक्सझेडची आवृत्ती विचारणारी कमांड टाइप करवली. पडद्यावर आलं 5.4.1. बाधित आवृत्त्या 5.6.0 आणि 5.6.1, आणि डेबियनमध्ये त्या फक्त टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचल्या होत्या, आमच्याकडच्या स्टेबल शाखेत नाही. डेबियन स्टेबल जुनी पॅकेजं देतं म्हणून हाच स्पर्धक आम्हाला ‘शिळं विकणारे’ म्हणत आला होता! शिवाय आमच्या सर्व्हरचं एसएसएच बाहेरच्या इंटरनेटला उघडं कधीच नव्हतं. हे सगळं मी लेखी दिलं, सही-शिक्क्यासकट. ती संस्था राहिली. दुसरीने माझं ऐकूनच घेतलं नाही. ती गेली, आणि त्या मेसेजबद्दल आजवर कुणी एका शब्दाने माफी मागितलेली नाही.

तुम्ही हे काम करत असाल तर माझं ऐका. ऑफिसात उबंटू टाकायचं तर एलटीएसच, म्हणजे जास्त वर्षं आधार (सुरक्षा अपडेट) मिळणारं, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं ते. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो. ऑक्टोबर 2025 च्या 25.10 मध्ये जुन्या मूलभूत कमांडच्या जागी रस्ट भाषेत लिहिलेल्या कमांड आल्या. त्यातल्या डेट कमांडमधल्या चुकीमुळे आपोआप होणारी अपडेटची तपासणी बंद पडली. चूक सुधारली गेली, पण असले प्रयोग ठेवीदारांच्या पैशावर नकोत. टॅलीसाठी एक मशीन परवान्याच्या विंडोजवर राहू द्या, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनची खटपट करू नका. आणि बॅकअप घेतला म्हणून निवांत राहू नका. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून एकदा खतावणी उघडून बघा, आणि हे पावसाआधी करा, जूनमध्ये लाइटचा भरवसा नसतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. चौथ्या-सहाव्या पिढीच्या धडधाकट मशीन ‘भंगार’ ठरवून नव्या विकण्याचा सपाटा बाजारात लागला आहे. मला त्याची चीड येते. एसएसडी आणि आठ जीबी रॅम घाला, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेऊन डेबियन 13 टाका, मशीन पाच वर्षं ओढेल. 9 ऑगस्ट 2025 ला आलेल्या या आवृत्तीला 2030 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळायचे आहेत.

फक्त फार जुन्या, 32-बिट मशीनवर डेबियन 13 नव्याने बसत नाही. आमच्याकडच्या एका हायस्कूलची अख्खी लॅब तशीच जुनी आहे. डेबियन 12 वर ती जून 2028 पर्यंत निभेल, हे मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं. गणपतीला चाकरमानी गावी आले की माजी विद्यार्थ्यांची बैठक लावायचं ठरलं आहे. मुंबईतली ऑफिसं विंडोज 11 चालत नाही म्हणून काढून टाकताहेत त्याच सहाव्या पिढीच्या मशीन मागायच्या. लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारातले दर मी काढून ठेवले आहेत. बसवण्याची मजुरी शाळेकडून घेणार नाही.