मे महिन्यातील सवलतीचे ब्रिकेट्स : वजन, राख आणि खरा भाव

नागपुरात अंगणातील बार्बेक्यूचा हंगाम दिवाळीनंतर रंगतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना शेगडीपाशी उभे राहण्याचा उत्साह फार थोड्यांत उरतो, आणि म्हणूनच पावसाळ्यापूर्वी माल हलवण्यासाठी मे महिन्यात ब्रिकेट्सवर, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या ठोकळ्यांवर, चांगली सवलत मिळते. यंदा इतवारीतील एका घाऊक दुकानात नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट्सची दहा किलोंची पेटी ६५० रुपयांना होती, तर मिश्र कोळशाच्या ब्रिकेट्सची तेवढीच पेटी ५२० रुपयांना. सवलतीचा टक्का दुसऱ्या पेटीवर मोठा होता. परंतु आपण पैसे किलोचे देत असलो तरी घेतो ती धग, म्हणून दोन्ही पेट्या आणून त्यांची घरीच तपासणी केली.

प्रथम दोन्हींतील अर्धा-अर्धा किलो माल गच्चीवर पत्र्यावर पसरून उन्हात वाळवला. नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हाइतकी चांगली भट्टी या कामासाठी शोधूनही सापडणार नाही. करवंटीच्या मालाचे वजन ४९० ग्रॅम भरले, मिश्र मालाचे ४७०. त्यानंतर दोन्ही वेगवेगळे पूर्ण जाळून थंड झालेली राख स्वयंपाकघरातील काट्यावर मोजली, तेव्हा करवंटीची राख २० ग्रॅम निघाली आणि मिश्र मालाची ११० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोत प्रत्यक्ष जळणारा भाग एकीकडे ४७० ग्रॅम आणि दुसरीकडे केवळ ३६०. या हिशेबाने जळणाऱ्या भागाचा किलोमागे भाव करवंटीच्या मालात सुमारे ६९ रुपये आणि स्वस्त मालात सुमारे ७२ रुपये पडतो. छापील किमतीत किलोमागे तेरा रुपयांनी स्वस्त दिसणारी पेटी प्रत्यक्षात महाग निघाली, ही या हंगामातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

राखेचे हे प्रमाण कच्च्या मालावर आणि मिसळणीवर ठरते. कोळशाची भुकटी स्टार्चच्या खळीने बांधून साच्यात दाबली की ब्रिकेट तयार होते. काही उत्पादक त्यात चुनखडीची किंवा मातीची भर घालतात आणि त्यामुळे राख वाढते. टाकाऊ मालाचा उपयोग हे या व्यवसायाचे मूळच आहे : १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचे ब्रिकेट्स करून विकले होते. आपल्या विदर्भात सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या आणि तुराट्या दाबून केलेला ‘व्हाईट कोल’ मिळतो, त्यालाही ब्रिकेटच म्हणतात. मात्र तो कोळसा केलेला नसतो, तो कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतो आणि त्याचा धूर अन्नाला लागतो, त्यामुळे कितीही स्वस्त मिळाला तरी तो जाळीखाली घालू नये. दगडी कोळशाचा तर विचारही नको.

भाजणीच्या बाबतीत करवंटीचे ठोकळे पेटण्यास संथ आहेत. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवण्याच्या उभ्या पत्र्याच्या नळकांड्यात, खाली कागद पेटवून ठोकळ्यांवर राखाडी थर येईपर्यंत सुमारे पंचवीस मिनिटे थांबावे लागते. बाभळीचा कोळसा त्याच्या निम्म्या वेळात फुलतो, परंतु ठिणग्या उडवतो आणि लवकर विझतो. एकदा फुललेले करवंटीचे निखारे मात्र दीड तासापेक्षा अधिक काळ समान आच देत राहिले. भरितासाठीची मोठी वांगी सालीवर काळी पडून आतून पूर्ण मऊ झाली, आणि सावजी मसाला लावून ठेवलेल्या कोंबडीच्या तंगड्या हाडापर्यंत शिजल्या तरी बाहेरून करपल्या नाहीत. मिश्र मालाची राख शेगडीच्या खालच्या छिद्रांत साचून हवा अडत असल्याने ती मध्येच झाडावी लागली. भुट्ट्यांसाठी मी अजूनही बाभळीचा कोळसाच पसंत करतो, कारण तेथे थोडा वेळ तीव्र आच हवी असते.

ही चाचणी झाल्यावर करवंटीच्या आणखी तीन पेट्या त्याच भावात घेतल्या आहेत. कोळसा हवेतील ओलावा शोषतो, म्हणून उन्हात तापवलेला माल थंड झाल्यावर जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये भरला आहे आणि ड्रमखाली विटा ठेवल्या आहेत. अर्धवट जळलेले ठोकळे शेगडीचे झाकण व छिद्रे बंद करून विझवावेत, आणि पूर्ण थंड झाल्याची खात्री झाल्याशिवाय साठ्यात मिसळू नयेत. पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद गॅलरीत कोणीही नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीवघेणा ठरतो.

ड्रममधील एका पिशवीवर आजचे वजन लिहून ठेवले आहे. कोजागिरीच्या सुमारास ती पुन्हा काट्यावर ठेवीन आणि पावसाळ्यात किती ओलावा शिरला तो आकडा पुढील नोंदीत देईन.