आधी स्क्रीनशॉट पाठवा, ड्रायव्हरचं नंतर बघू

"ड्रायव्हर अपडेट करून बघा", म्हणजे ग्राफिक्स कार्ड (मशीनमधला चित्र काढणारा भाग) चालवणारं सॉफ्टवेअर नवं टाका, हे आमच्या धंद्यातलं "भरपूर पाणी प्या" आहे. कुठल्याही दुखण्यावर चालतं, सांगणाऱ्याला काही तपासावं लागत नाही आणि कधीमधी खरंच बरं वाटतं. नारायण पेठेत बसून मी छोट्या ऑफिसांची मशीन सांभाळते. अप्पा बळवंत चौकातले डीटीपीवाले, कर्वे रोडचे आर्किटेक्ट, भोसरीतली वर्कशॉप्स, झालंच तर मैत्रिणींची इंजिनिअरिंगला असलेली मुलं. कुणी विंडोजवर, कुणी मॅकवर, पोरं उबुंटू या लिनक्सवर. डिस्प्लेची तक्रार मात्र सगळ्यांची एकाच भाषेत येते.

"ताई, स्क्रीन गेली."

"गेली म्हणजे? काळी झाली, पट्टे आलेत, का अक्षरं फुटतायत?"

"तुम्ही या ना, दिसेलच."

मी लगेच जात नाही. आधी दोन गोष्टी मागवते. एक, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो. दोन, त्याच वेळी मशीनवर काढलेला स्क्रीनशॉट. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३, उबुंटूवर प्रिंट स्क्रीनचं बटण. स्क्रीनशॉट म्हणजे मशीनने आत तयार केलेलं चित्र तिथूनच उचललेलं असतं. केबल, अडॅप्टर आणि मॉनिटर त्याच्या पुढे येतात. तेव्हा फोटोत जे बिघडलेलं दिसतंय ते स्क्रीनशॉटमध्येही असेल, तर भानगड मशीनच्या आत आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा बाहेर. अर्धा पुणे ओलांडण्याआधी एवढं कळलेलं बरं.

यात दोन मेख आहेत. एक म्हणजे तो स्क्रीनशॉट दुसऱ्या पडद्यावर बघायचा. एका काकांनी तो त्याच मॉनिटरवर उघडला आणि "यातही पट्टे आहेत" म्हणून मला ठासून सांगितलं. दिसणारच ना! दुसरी म्हणजे मोबाईलच्या फोटोत उमटणाऱ्या रंगीत लाटांकडे लक्ष द्यायचं नाही. मॉनिटरचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर आले की त्या दिसतात, बिघाडाशी त्यांचा संबंध नसतो. स्क्रीनशॉटच्या या नियमाला एक अपवादही आहे. संध्याकाळी "सगळं पिवळं पडलंय" असा फोन येतो. ती विंडोजची नाईट लाईट असते. तो पिवळेपणा अगदी शेवटच्या टप्प्यावर चढतो, त्यामुळे दोष आतला असूनही स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

बाहेरच्या दोषांमध्ये अडॅप्टरचा नंबर पहिला. कर्वे रोडच्या एका आर्किटेक्ट बाईंनी नवा फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर घेतला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, माउस चिकट झालाय. माउस बदलून झाला होता, ड्रायव्हरही दोनदा टाकून झाला होता. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतंय. तापकीर गल्लीतून स्वस्तात आणलेला डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय अडॅप्टर मध्ये होता आणि तो एचडीएमआय १.४ च्या काळातला. तिथे फोरकेला ३० च्या वर जाता येत नाही, ६० साठी २.० लागतं. मॉनिटरला स्वतःचं डिस्प्लेपोर्ट होतंच, केबलही खोक्यात तशीच प्लॅस्टिकमध्ये पडलेली होती. ती लावली आणि माउस सुटला.

काळा रंग राखाडी दिसणं हाही तिकडचाच प्रकार. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी समोर टीव्ही आहे असं धरून चालतं आणि रंगांचे आकडे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच पाठवतं. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज फुल केली की काळं काळं दिसतं. आणि सोसायटीच्या मीटिंगला क्लबहाउसच्या टीव्हीवर हिशेबाच्या कडा कापल्या जात असतील, तर लॅपटॉपला हात लावू नका. टीव्हीच्या पिक्चर मेनूमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असलं काहीतरी असतं, ते चालू करा.

आता आतल्या भानगडी. ब्राउझरमध्ये किंवा चॅटच्या ॲपमध्ये काळे चौकोन दिसत असतील, तर त्या ॲपच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सलरेशन, म्हणजे चित्राचं काम कार्डाकडे सोपवणं, बंद करून ते पुन्हा उघडायचं. आजची बरीचशी डेस्कटॉप ॲप आतून क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचाच गाभा, असतात, त्यामुळे हा उपाय तिथेही लागू पडतो. पण मी याला उपाय न म्हणता चाचणी म्हणते. बंद केल्यावर चौकोन गेले तर संशय कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यावर पक्का होतो. मग ड्रायव्हर बदलायला माझी ना नाही, फक्त तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. जुन्या मशीनवर मी ॲक्सलरेशन बंदच ठेवते, व्हिडिओ बघताना प्रोसेसर थोडा तापतो इतकंच.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, ही तक्रार भोसरीची. विंडोज ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ नंबरची नोंद सापडली की झालं तेच. इंटरनेटवर लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन ते दोन सेकंद वाढवायला सांगतात. मला हे पटत नाही. कार्ड का अडखळतंय ते बघायचं का विंडोजला जास्त वाट बघायला लावायची? त्या वर्कशॉपमध्ये एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली, मशीन शॉपला लागून असलेल्या केबिनमध्ये हे व्हायचं, सकाळी कधीच नाही. कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यावर धूळ आणि कूलंटच्या तेलाचा मिळून काळा लगदा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. साफ केल्यावर, त्याच ड्रायव्हरवर, स्क्रीन काळी होणं थांबलं.

याच वर्कशॉपने मला सगळ्यात जास्त घुमवलं. मालक कोथरूडला राहतात. गुरुवारी भोसरीला सुट्टी, त्या दिवशी ते घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर ड्रॉइंग बघतात. थ्रीडी मॉडेल उघडणारं त्यांचं सॉफ्टवेअर शुक्रवार ते बुधवार झकास चालायचं आणि गुरुवारी "ओपनजीएलची आवृत्ती जुनी आहे" म्हणून बंद पडायचं. ओपनजीएल म्हणजे ॲपने कार्डाकडून चित्र काढून घेण्याची ठरलेली भाषा. तेच मशीन, तेच कार्ड. ऑफिसातल्या मुलांनी गुरुवारच्या विजेच्या मेंटेनन्सवर आणि व्होल्टेजवर खापर फोडलं, मालकांनी यूपीएसही बदलला.

मी शुक्रवारी प्रत्यक्ष गेले तर सगळं ठीक. मग त्यांना म्हटलं, गुरुवारी ते सॉफ्टवेअर चालू करण्याच्या वेळी मला फोन करा आणि त्याच्या अबाउटमध्ये ग्राफिक्सच्या पुढे काय लिहिलंय ते वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, "जीडीआय जेनेरिक." संपलं! ते कार्डाचं नाव नाहीच. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ठेवलेला, नुसत्या प्रोसेसरवर चालणारा ओपनजीएल १.१ आहे तो, आणि १.१ ही १९९७ सालची आवृत्ती. कार्डाचा ड्रायव्हर हाताशी नसला की विंडोज हेच पुढे करतं, आणि रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये खरं कार्ड पुष्कळदा ॲपपर्यंत पोचतच नाही. ऑफिसात खुर्चीवर बसून बघणाऱ्याला हे कधी दिसणार?

ग्रुप पॉलिसीमध्ये रिमोट सेशनला खरं ग्राफिक्स कार्ड वापरू देण्याचा पर्याय आहे, तो आधी चालू करून बघितला. त्या सॉफ्टवेअरला त्याने फरक पडला नाही. मग सोपी युक्ती केली. बुधवारी संध्याकाळी निघताना ऑफिसातला मुलगा ते सॉफ्टवेअर तिथल्या लॉगिनवर उघडून ठेवतो आणि मशीन लॉक करतो. मालक गुरुवारी त्याच लॉगिनमध्ये शिरतात. सॉफ्टवेअरने सुरू होतानाच खरं कार्ड धरलेलं असतं, ते सोडत नाही. हे जुगाड सगळ्या सॉफ्टवेअरवर चालेल असं नाही, पण इथे चाललंय. जुना यूपीएस आता अकाउंट्सच्या मशीनला लावलाय.

पुसट अक्षरांची गोष्ट वेगळी. लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं मोठी दाखवण्याचं प्रमाण, १५० टक्के, बाजूच्या मॉनिटरचं १००, आणि एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर एकीकडे कोरीव आणि दुसरीकडे धुतल्यासारखं दिसतं. शेजारी नोटपॅड उघडा. त्याची अक्षरं कडक असतील तर चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग ठाऊकच नसतं. विंडोज त्याला जुन्या ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ ठिपके) हिशेबाने चित्र काढू देतं आणि मग ते चित्र ताणून दाखवतं. त्या एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी, तिथे चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, खालच्या चौकटीत टिक आणि यादीतून सिस्टिम एन्हान्स्ड. बरीच जुनी सॉफ्टवेअर याने वाचनीय होतात. त्याच यादीत ॲप्लिकेशन नावाचा पर्याय आहे, तो निवडला तर अक्षरं कोरीव होतात पण मुंगीएवढी, आणि बटणं एकमेकांवर चढतात.

मॅकवाल्यांना पुसट अक्षरं दिसतात त्याचं कारण निराळं. मॅकच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा रंगीत उपठिपक्यांनी गुळगुळीत करणं सोडून दिलं. ॲपलच्या दाट ठिपक्यांच्या रेटिना पडद्यावर फरक कळत नाही, पण चोवीस इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर मजकूर बारीक आणि फिका वाटतो. तिथे मी सेटिंगमध्ये वेळ घालवत नाही, जास्त ठिपक्यांचा मॉनिटर घ्या म्हणते. ग्राहकाला हे उत्तर आवडत नाही, पण नाइलाज आहे.

उबुंटूवाली पोरं स्वतःच बरंच शोधून येतात, त्यामुळे तिथे मजा असते. मैत्रिणीच्या मुलाच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर गोगलगायीच्या वेगाने चाललं होतं. कार्ड एनव्हिडियाचं, ड्रायव्हर टाकलेला, तरी रेंडररच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या, नावापुढे "एलएलव्हीएमपाइप". म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतोय, कार्ड आराम करतंय. त्याला विचारलं, ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला निळी स्क्रीन आली होती का? "हो मावशी, इंग्लिशमध्ये काहीतरी होतं, मी कंटिन्यू केलं." तिथेच गोची. सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असेल तर ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही. त्या निळ्या पानावर एनरोल एमओके, म्हणजे सहीची किल्ली नोंदवा, हे निवडून, ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. ते पान काही सेकंदच थांबतं. ड्रायव्हर पुन्हा टाकून, पासवर्ड कागदावर लिहून, ते एकदा नीट केलं आणि ब्लेंडर पळायला लागलं. ॲप नुसतंच लुकलुकत असेल तर लॉगिनच्या पानावर खाली चाकाचं चिन्ह असतं, तिथून वेलँड या पडदा सांभाळणाऱ्या नव्या यंत्रणेऐवजी जुनी एक्सऑर्ग निवडता येत असेल तर निवडून बघा.

आणि ज्याचा कार्डाशी काडीचाही संबंध नाही तो प्रकार, आपली देवनागरी. अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीच्या दुकानात "विद्यार्थी" मधली वेलांटी "व" च्या पुढे जाऊन बसली होती, रफार अधांतरी आणि "द्य" सुटा झालेला. आधीच्या माणसाने ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाकला होता, त्याचे पैसेही घेतले होते. कार्डाला वेलांटी कळत नाही हो! अक्षरं कुठे बसवायची ते ॲपमधलं मजकूर मांडणारं इंजिन ठरवतं. तोच मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. तिथे नीट दिसला तर मजकूरही बरा आहे आणि कार्डही. ॲडोबीचं इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर असेल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूमधून ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, वेलांटी जागेवर येते. मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर फाइल बहुधा जुन्या नॉन-युनिकोड (इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवलेल्या) फॉन्टमधली आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर नाही. फॉन्ट मिळवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एवढं करूनही अडलं तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहायचं. त्यांना "स्क्रीन गेली" लिहून काही होत नाही. विंडोजवर रन उघडून डीएक्सडायग टाइप करा, सेव्ह ऑल इन्फर्मेशन करा आणि ती टेक्स्ट फाइल जोडा. मॅकवर सिस्टिम रिपोर्ट. सोबत स्केलिंग किती, मॉनिटर किती, रिमोटने बघताय का, हे लिहा. कधी त्यांचं उत्तर येतं की आमच्या सॉफ्टवेअरला ओपनजीएल ४.३ लागतं. मॅकवर ॲपलने ओपनजीएल ४.१ वरच थांबवलंय, २०१८ पासून ते अधिकृतपणे मोडीतच काढलंय आणि लोकांना मेटल या स्वतःच्या ग्राफिक्स भाषेकडे वळवलंय. असं उत्तर आलं की मी ग्राहकाला सरळ सांगते, या मशीनवर हे चालायचं नाही, दुसरं सॉफ्टवेअर बघा किंवा एक विंडोज मशीन घ्या. तेवढ्या फोनचे मी पैसे घेत नाही.