कऱ्हाड शाखा सापडत नाही

पतसंस्थेचं संकेतस्थळ मराठीत आणायला दोन दिवस लागतील, असं मी सांगून बसलो होतो. इंग्रजी पानं तयार होती, मजकूर बदलला की झालं! लागले तीन आठवडे.

पहिल्याच दिवशी शीर्षकांची शिरोरेषा तुटली. इंग्रजी शीर्षकांना ऐटीसाठी दिलेलं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठीलाही लागलं होतं, आणि अक्षरं लांब गेली की वरची रेघ फाटणारच. ते शून्य केलं. मग कार्डांवर 'कर्ज'चा रफार कापला गेला. पतसंस्थेच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'गृहकज'. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.१ आणि वर चौकटीबाहेरचं कापून टाकणारं ओव्हरफ्लो हिडन. इंग्रजीला पुरतं, पण आपल्या मात्रा-उकारांना जागा कुठून मिळणार? १.६ वर नेलं. हे सगळं फक्त मराठी पानांना दिलेल्या एकाच सीएसएस क्लासखाली, म्हणजे सजावटीच्या वेगळ्या नियमाखाली ठेवलं, म्हणून इंग्रजी पानांना धक्का लागला नाही.

फाँटचा घोळ उशिरा कळला. डिझाइनमध्ये इंटर नावाचा फाँट होता, त्यात देवनागरी नाहीच. माझ्या मॅकवर कोहिनूर देवनागरी दिसत होता, पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या विंडोजवर निर्मला यूआय. दोघं आपापल्या पडद्यावर बोट ठेवून भांडत होतो. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे पान तपासायच्या साधनांत, कॉम्प्युटेड टॅबच्या तळाशी प्रत्यक्ष कोणता फाँट वापरला गेला ते लिहिलेलं असतं; तिथे आधी बघितलं असतं तर एक दुपार वाचली असती. नोटो सान्स देवनागरी घातला, तर व्यवस्थापक म्हणाले, "हा ल आमचा नाही." खरंच, ल आणि श हिंदी वळणाचे होते. पानाची भाषा जिथे सांगतात त्या एचटीएमएल टॅगवर भाषा अजून इंग्रजीच होती. तिथे मराठीचा संकेत टाकताच दोन्ही अक्षरं मराठी झाली.

खरा छळ शाखाशोधाने केला. 'कऱ्हाड' टाकलं की उत्तर शून्य, आणि खाली यादीत कऱ्हाड शाखा ठळक दिसतेय. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मी टाइप केलेला आणि यादीतला अशा दोन्ही शब्दांची लांबी काढली, तर एक ६ आणि दुसरा ७. मी टाइप केलेल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं. यादी ज्यातून आली त्या पतसंस्थेच्या जुन्या एक्सेलमध्ये मात्र साधा र, हलंत आणि पुढे झिरो-विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. नॉर्मलाइझ करून, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करून पाहिलं, फरक पडला नाही. नॉर्मलायझेशन र खाली नुक्ता (टिंब) दिलेलं रूप ऱ शी जुळवून देतं, जॉइनरवालं नाही. मग उतावळेपणाने ते अदृश्य चिन्हच पुसून टाकलं, तर यादीत 'कर्हाड' उगवलं, ह वर रफार घेऊन. शेवटी र, हलंत आणि जॉइनर असे तिन्ही एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत ठेवायचं, असं एक छोटं फंक्शन लिहिलं. ते शोधशब्द आणि यादी, दोन्हींवर चालवलं. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांसाठी' हेही त्यातच सुटले.

सायंकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "सापडतंय हो आता. पण इथले निम्मे लोक 'कराड' लिहितात, त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी यादीत 'इतर नावं' असा एक रकाना वाढवला.