जिल्ह्याची सरासरी आणि आरंभीच्या विश्वातले कण

सातारा जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान बघून माणमध्ये कोणी पेरणी ठरवत नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, माणमध्ये 500 च्या आसपास. मधला आकडा कागदावर बरोबर असतो, शेतात निरुपयोगी. इन्फ्लेशनच्या काळातल्या यादृच्छिक कणनिर्मितीचं गणित पहिल्यांदा करणारा नेमका इथेच फसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. इन्फ्लेशन म्हणजे महास्फीती, विश्वाच्या अगदी आरंभी झालेला अतिवेगवान फुगवटा. त्या काळात विश्व निदान 50 ते 60 ई-फोल्ड फुगलं असं मानतात (एका ई-फोल्डला अंतरं सुमारे 2.72 पट होतात). 60 ई-फोल्ड म्हणजे अंतरं सुमारे 10 चा 26 वा घात इतक्या पटींनी वाढली. पुस्तकात हे सगळं एकटं इन्फ्लॅटॉन क्षेत्र (महास्फीती चालवणारं क्षेत्र) करतं, ऊर्जेच्या गुळगुळीत उतारावरून सावकाश घरंगळत. पण मूलभूत सिद्धांतातून मॉडेल उभं करायला गेलं की सोबत इतर क्षेत्रांची वरात येते. त्यांचं वस्तुमान इन्फ्लॅटॉन कुठे पोचलाय त्यावर ठरतं. वाटेत एखाद्याचं वस्तुमान क्षणभर शून्याजवळ गेलं की त्याचे कण तयार व्हायला ऊर्जा जवळपास लागतच नाही, आणि एकदम फवारा उडतो. हा फवारा लांब तरंगांनाच मिळतो. तरंगसंख्येच्या वर्गाबरोबर कणसंख्या घातांकी घटते, त्यामुळे आखूड तरंग कोरडेच राहतात.

असे प्रसंग वाटेत कुठे कुठे येतात ते माहीत नसेल तर ते यादृच्छिक धरायचे. 2016 मध्ये मुस्तफा अमीन आणि डॅनियल बाउमन यांनी दाखवलं की हे गणित अशुद्धी असलेल्या पातळ तारेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनसारखंच आहे. तारेची लांबी असते तिथे इथे काळ, अशुद्धीच्या जागी कणनिर्मितीचा प्रसंग. तारेचा प्रश्न फिलिप अँडरसन यांनी 1958 मध्येच मांडला होता.

आता आकडे. एका प्रसंगात, आधी काहीच नसताना, एका तरंगात 0.1 कण तयार होतो असं धरा. आधीचे कण असतील तर नवी निर्मिती बेरजेने होत नाही. असलेले कण नव्यांना ओढून आणतात, आणि फेज (डोलणारा तरंग त्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते) उलटी पडली तर चक्क कमीही होतात. फेज पूर्ण यादृच्छिक असेल तर ‘1 अधिक कणसंख्येची दुप्पट’ या राशीची सरासरी दर प्रसंगाला 1.2 ने गुणली जाते. 50 प्रसंगांनंतर ती सुमारे 9100, म्हणजे सरासरी कणसंख्या 4550 च्या घरात. आता ‘1 अधिक कणसंख्या’ हिच्या लॉगची सरासरी काढा. ती दर प्रसंगाला 1.1 च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे 0.0953 ने, नुसती बेरजेने वाढते. 50 प्रसंगांनंतर 4.77, म्हणजे गुणोत्तर मध्य (लॉगच्या सरासरीवरून उलट काढलेला आकडा) सुमारे 117. एकच मॉडेल, एकीकडे साडेचार हजार आणि दुसरीकडे शे-सव्वाशे. (पावसाचा दाखला इथे संपतो. माणचा दुष्काळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे आहे, नशिबामुळे नाही.)

लॉगचं प्रमाण विचलन साधारण 3 येतं, म्हणून बहुतेक रन (संगणकावर एकेकदा चालवलेले यादृच्छिक प्रसंगांचे क्रम) 4550 च्या खूप खाली राहतात. सरासरी वर खेचणारे रन हजारात एखाद-दोन. शंभर रन घेतलेत तर ते हाती लागतीलच असं नाही, आणि मग कोडमध्ये चूक आहे असं वाटून दोन दिवस वाया जातात. त्यापेक्षा लॉगची सरासरी काढा. ती दोनशे रनमध्येही 4.77 च्या जवळ बसते.

कोड लिहिताना दर प्रसंगासाठी 2×2 मॅट्रिक्स, त्यात अल्फा आणि बीटा हे दोन गुणांक, प्रसंगामुळे तरंग कसा बदलतो ते सांगणारे. बीटाच्या मापाचा वर्ग म्हणजे कणसंख्या. अल्फाच्या मापाच्या वर्गातून बीटाच्या मापाचा वर्ग वजा केला की 1 उरलाच पाहिजे. हा तपास दर पायरीला ठेवा. मात्र कणसंख्या 10 चा 15 वा घात ओलांडू लागली की डबल प्रिसिजनचे (संगणकातल्या नेहमीच्या दशांश संख्यांचे) सोळा अंक या वजाबाकीला पुरत नाहीत आणि तपास खोटा ठरतो. तिथे मॅट्रिक्स सोडून फक्त कणसंख्येचा लॉग आणि फेज पुढे न्यावी.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. फेज यादृच्छिक धरणं चालतं, कारण दोन प्रसंगांच्या मध्ये तरंग पुष्कळ वेळा डोलतो. हलक्या क्षेत्राचा तरंग क्षितिजाबाहेर गेला, म्हणजे प्रकाश गाठू शकेल त्या अंतरापेक्षा लांब ताणला गेला, की डोलतच नाही. तिथे वरचं 1.2 चं गणित लावू नये. त्या क्षेत्राचा आयाम (तरंगाची उंची) स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. शिवाय दर ई-फोल्डला आकारमान सुमारे 20 पट होतं, त्यामुळे प्रसंग विरळ असले तर कण पातळ होऊन जातात.

हे कण पुढे अवकाशाच्या वक्रतेतल्या चढउतारांना ढकलतात, आणि तिथे निरीक्षणाची चाप बसते. कॉस्मिक पार्श्वप्रारणातले (आरंभीच्या विश्वातून आजही येणाऱ्या प्रारणातले) तापमानाचे फरक लाखात एक भाग एवढे आहेत, 1992 मध्ये कोबे उपग्रहाने दाखवले तेव्हापासून माहीत असलेले. प्लँक उपग्रहाच्या 2018 च्या विश्लेषणात ते गाउसियन (घंटेच्या आकाराच्या) वितरणाला इतके चिकटून निघाले की स्थानिक प्रकारच्या विचलनाचा आकडा (शून्य म्हणजे विचलन नाही) उणे 0.9, अधिक-उणे 5.1 एवढाच आला. वरचं लांब शेपटीचं वितरण जसंच्या तसं वक्रतेत उतरलं असतं, तर ते या आकड्यात दिसायला हवं होतं. त्यामुळे एक तर कणांचा वाटा लहान ठेवावा लागतो, किंवा असंख्य स्वतंत्र तरंगांच्या बेरजेत शेपटी बुजली असं दाखवावं लागतं. दुसरा रस्ता निवडलात तर बेरजेतले तरंग खरोखर स्वतंत्र आहेत का ते आधी तपासा. एकाच प्रसंगाने सगळ्यांना एकदम ढकललेलं असतं.