तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक वाचून माणूस बरा होतो का?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, नुसतं पुस्तक वाचून माणूस बरा होतो का हो?" कधी कळकळीनं, कधी टोमणा म्हणून: मानसशास्त्रात एम.फिल. केलेली बाई पुस्तक लिहून दीडशे रुपयांत मनःशांती विकते! आता एकदाच सविस्तर सांगते.

मन सावरायला स्वतःच भरायच्या तक्त्यांचं माझं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या मनोगतात मी लिहिलं होतं, 'हे तक्ते रोज भरलेत तर फरक पडेलच.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास सुरू केलेली, विचार तपासून बदलायची पद्धत मी सोपी करून दिली होती. तक्त्यात चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं आणि चौथ्या रकान्यात त्या विचाराला उलट प्रश्न करून सुचलेला विवेकी विचार. पद्धत खरी आहे. मी रोज तीच वापरते.

मग सांगोल्याकडून एक बाई आल्या. एसटीनं, एकट्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आठ महिने रोज रात्री ओटा आवरून त्यांनी माझा तक्ता भरला होता. पट्टीनं आखलेल्या रेघा, पानांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटं. सुरुवातीला चारही रकाने भरलेले. तिसऱ्या महिन्यापासून चौथा कोरा. पुढे त्यात रोज एकच ओळ: 'जमत नाही. माझंच चुकतंय.'

झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग येते, म्हणाल्या. जेवण तुटलेलं, जगणं नकोसं झालेलं. डॉक्टरांकडे का नाही गेलात?

"तुम्ही लिहिलंय ना, फरक पडेलच. मला पडला नाही, म्हणजे मीच नीट करत नसणार."

तो 'च' माझा होता. त्यांना तीव्र नैराश्य होतं. गोळ्या लिहून द्यायचा अधिकार मला नाही, म्हणून त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. दीड महिन्यानं सलग झोप लागायला लागली. मग आम्ही दोघींनी समोरासमोर बसून तोच तक्ता पुन्हा घेतला, तेव्हा कुठे चौथ्या रकान्यात काही उतरलं.

पण अशी पुस्तकं लिहूच नका म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, तालुक्याच्या गावात मानसतज्ज्ञ आहे कुठे? २०२२ पासून १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, पण आपल्याला होतंय तो आजार आहे हे आधी कळायला नको? त्याच बाई म्हणाल्या, "पुस्तक नसतं तर घरच्यांनी मला देवऋष्याकडेच नेलं असतं." ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते.

दुसऱ्या आवृत्तीत 'च' काढला. दोन आठवडे मन उदास, झोप-भूक गेलेली किंवा मरणाचे विचार येत असतील तर पुस्तक मिटून डॉक्टरकडे जा, असं पहिल्याच पानावर ठळक छापलं. तरी मनोगत लिहिणारी ती तेव्हाची मी अजून भांडते: खचलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे सांगायला नको का? खात्री दिली नाहीस तर वही उघडेल कोण? तिला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

तिसऱ्या आवृत्तीची प्रुफं टेबलावर आहेत. ती ओळ आता 'अनेकांना फरक पडतो' अशी आहे. कालपासून दोनदा खोडून पुन्हा तशीच लिहिली.