आमची वाटचाल : एकवीस हजारांची रेघ

२००९ साली एक जुनं लेथ आणि दोन माणसं घेऊन जॉबवर्क सुरू केलं. पहिल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. काम वेळेत जायचं, पैसे उशिरा यायचे. दहावा माणूस लागला आणि कारखाना ईएसआयखाली, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याखाली आला. तेव्हा मी कुरकुरलो होतो.

पुढे घोडं अडलं ते पगारवाढीपाशी. सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, सेटर आमचा सर्वांत जुना माणूस, पगार २०,८००. ७०० वाढवतो म्हटलं तर म्हणाला, "शेठ, पगार नको, ओव्हरटाइम द्या." मला वाटलं, रुसलाय. त्याने जॉबकार्ड उलटं करून मागे हिशेबच मांडला. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,०००; त्यावर गेलं की विमा बंद. वाढ घेतली तर ७०० आणि ईएसआयच्या वर्गणीपोटी कापले जाणारे १५६, म्हणजे ८५६ हातात जास्त. पण आईचं डायलिसिस, पोरांचा दवाखाना, आजारपणातला ७० टक्के पगार, सगळं जाणार. ओव्हरटाइमवर तेव्हा वर्गणी कापायचे, मर्यादा मोजताना मात्र तो धरत नसत.

मग मी माझी बाजू मांडली. वर्गणीतला माझा सव्वातीन टक्के हिस्सा, ६७६ रुपये, वाचत होता. म्हणजे ही वाढ मला २४ रुपयांत पडणार होती, आणि डायलिसिस त्याच्या डोक्यावर. आठवडाभर मी पगाराचा विषय काढला नाही.

"फुकट मिळालं की माणसं आळशी होतात," असं आम्ही मालक लोक सर्रास बोलतो. हा तर रविवारीही यायला तयार होता! ब्रिटनमध्ये कमाई वाढली की सरकारी मदत हळूहळू उतरते. ठरावीक सूट सोडली तर पौंडामागे ५५ पेन्स. आपल्याकडे मात्र थेट कडा.

शेवटी ठरवलं, ओलांडायचं तर एकदम २४,५००, वर पालकांसह गटविमा कंपनीच्या खर्चाने. तेवढं मार्जिन जमायला दीड वर्ष गेलं. वाढही एप्रिलऐवजी मेपासून दिली. ईएसआयची एप्रिल-सप्टेंबर सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेपलीकडे गेला तर ईएसआय सप्टेंबरअखेर चालू राहतो. वर्गणी वाढीव पगारावर भरावी लागते, पण तोवर विम्याचे कागद होतात.

आता एक ऑपरेटर २०,६०० वर आहे. त्याच्या घरी यंदा बाळंतपण आहे. परवा म्हणाला, "शेठ, माझं पुढच्या मेमध्ये बघू."